आधी पाणी मागा

प्रति,
धर्मप्रचारक घडवणाऱ्या धर्मविद्यालयांचे प्राचार्य व अध्यापक आणि मिशन मंडळांचे विश्वस्त यांस,



मी तुमच्यातलीच आहे, हे आधी सांगते. नाहीतर पत्र अर्ध्यावर ठेवाल. माझी आजी नगर जिल्ह्यात बायबल-बाई होती. पिशवीत मार्काचे शुभवर्तमान आणि सुईदोरा घेऊन ती वाडीवस्तीवर फिरायची. शुभवर्तमान कुणी ऐकले नाही, तर निदान कुणाची फाटकी चोळी तरी शिवून यायची. मी स्वतः अठ्ठावीस वर्षे प्रचारिका होते. आता वय बाहत्तर, गुडघे थकलेत, पण तोंड शाबूत आहे. तेव्हा ‘ही बाई प्रचाराच्या विरोधात आहे’ असे म्हणून माझे बोलणे बाजूला सारता येणार नाही. प्रचार झाला नसता तर मला अक्षरओळखही झाली नसती.

गेल्या वर्षी कार्तिकी एकादशीनंतर आमच्या गावात सहा विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी आले. कोणत्या विद्यालयाचे, ते सांगत नाही. गेल्या दहा वर्षांत निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली पोरे मी पाहिली आहेत आणि साचा सगळ्यांचा एकच आहे. पोरे गुणी होती. पहाटे उठून प्रार्थना करायची, चर्चचे अंगण झाडायची, मला हातपंपावरून हंडा आणून द्यायची. माझी तक्रार पोरांबद्दल नाही. पोरे ज्यांनी घडवून पाठवली, त्यांच्याबद्दल आहे.

दुसऱ्या दिवशी पोरे मारुतीच्या पारावर गेली. तिथे तात्या बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, नुकतेच आळंदीहून आलेले. एका पोराने त्यांच्याशेजारी बसून अदबीने विचारले, “आजोबा, तुम्हाला तुमच्या तारणाची खात्री आहे का?”

तात्या म्हणाले, “खात्री कसली, बाबा? दोन एकर सोसायटीकडं तारण हाये. औंदा कांद्यानं हात दिला तर सुटंल, न्हाय तर राम राम.”

पोराने मान डोलावली आणि कागदावर खूण केली. तो कागद मी नंतर पाहिला. तात्यांच्या नावापुढे लिहिले होते : ‘तारणाची खात्री नाही. सत्य जाणून घेण्यास उत्सुक.’

हसू आले ना? मलाही आले. पण पुढचे ऐका. तात्यांनी सुनेला हाक मारून गूळ-पाणी आणायला सांगितले. पोरगा म्हणाला, “नको, आमच्याकडे आहे,” आणि त्याने पाठीवरच्या पिशवीतून बाटली काढली. दुपारी मांगवाड्यातही तेच झाले. तिथल्या म्हातारीने पुढे केलेला तांब्या मुकाट्याने आत नेला. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, तुमची पोरं येसूची न्हवं? मग पाणी का घेत न्हाईत आमच्या हातचं?”

त्या म्हातारीच्या आईने जन्मभर ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्यायले होते. पोरांना हे ठाऊक नव्हते. गावचे पाणी बाधते, बाटली जवळ ठेवा, एवढेच त्यांना कुणीतरी सांगितले होते. पोट बिघडू नये हे खरे; पण महाराष्ट्राच्या खेड्यात पाणी नाकारणे म्हणजे काय, हे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एका तासातही सांगता आले नाही? महाड कुठे आहे आणि तिथे १९२७ साली तळ्यावर काय घडले, हे ज्याला माहीत नाही त्याने या वस्तीत जीवनाच्या पाण्यावर प्रवचन करू नये.

माझ्या मनातले सगळे या एका तांब्यात आहे. योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय तुम्ही मुलांना पाठ करायला लावता. दमलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि शोमरोनी बाई पाणी भरायला येते. तिच्या लोकांच्या भांड्याला यहुदी शिवत नसत. येशू तिला अगोदर काय म्हणतो? तारणाबद्दल विचारत नाही, पापाची यादी वाचत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. त्या गावात परका तो आहे, तहानलेला तो आहे, आणि दोर-पोहरा तिच्या हातात आहे. पुढचे सगळे बोलणे त्या मागण्यावर उभे आहे.

तुम्ही मुलांना ‘अनोळखी लोकांना श्रद्धा कशी सांगावी’ हे शिकवता. पण अनोळखी कोण? तात्या त्यांच्या पारावर बसले होते, म्हातारी तिच्या उंबऱ्यात होती. गावाला अनोळखी होती ती तुमची पोरे. हा उलटा धडा एकदा सुलटा केलात, तर माझ्या पुढच्या तक्रारी आपोआप मिटतील. तरी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार भाषेची. ‘तारण’ हा शब्द आपल्या मंडळीत इतका मुरला आहे की बाहेर तो सोसायटीच्या कर्जाचा शब्द आहे, हे आपण विसरलो. ‘तुम्हाला नव्याने जन्म घ्यावा लागेल’ असे एका पोरीने शेजारच्या सखूबाईला सांगितले, तेव्हा ती घाबरून म्हणाली, “पुन्ना जन्म? अगं, ह्योच निभंना!” जन्ममरणाचा फेरा चुकावा म्हणून जिथे माणसे देवाला हात जोडतात, तिथे आपण नवा जन्म बक्षीस म्हणून पुढे करतो. ‘रक्ताने धुऊन शुभ्र’ हे तर धुणे धुणाऱ्या बाईला सांगूच नका. रक्ताचा डाग किती पाण्यांनी निघतो, हे तिला तुमच्यापेक्षा बरे कळते. हे शब्द खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पण ते ज्या घरात न्यायचे, त्या घरात त्या शब्दांना आधीच कुणी वेगळ्या अर्थाने बोलावते का, एवढी तरी चौकशी करावी.

आपल्या वाडवडिलांनी ती केली होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला आणि साष्टीत त्याने जन्म घालवला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ राशोलला छापून निघाले १६१६ साली, म्हणजे येऊन सदतीस वर्षांनी. सुमारे अकरा हजार ओव्या! साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि हाताशी दुसरे काही नव्हते. त्यांना पुराण हवे होते, म्हणून त्याने त्यांच्याच छंदात पुराण रचले. परदेशी माणूस आपल्या ओवीत बसला, तेव्हा कुठे लोकांनी ते पिढ्यानपिढ्या गायले. आणि त्याच गोव्याचा दुसरा दाखलाही शिकवा. १५६० पासून तिथे इन्क्विझिशन होते आणि १६८४ साली पोर्तुगीज सरकारने तिथल्या लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. एकाने लोकांची भाषा शिकून घेतली. दुसऱ्यांनी ती लोकांच्या तोंडातून काढून घ्यायला पाहिली. क्रूस दोघांच्याही हातात होता.

पंडिता रमाबाईंना तर मराठी जन्माचीच होती. तरी बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणायचे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यात कितीतरी वर्षे गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी स्वतः खिळे जुळवून ते छापले. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. आणि आपण काय करतो? इंग्रजी पत्रिकेचा रातोरात तर्जुमा करून हजार प्रती छापतो.

माझी विनंती अशी : ज्या भागात विद्यार्थी पाठवायचा, तिथे त्याला आधी एक वर्ष काहीही न शिकवता राहू द्या. बाजारात, दूध डेअरीवर, कांद्याच्या चाळीत. त्या वर्षात त्याने गावाकडून शंभर म्हणी, दहा ओव्या आणि दोन भांडणे शिकून यावे. मग त्याला बोलू द्या.

दुसरी तक्रार त्या कागदाची, म्हणजे अहवालाच्या फॉर्मची. किती घरांना भेट, किती पत्रिका वाटल्या, किती ‘निर्णय’, म्हणजे किती जणांनी येशूला स्वीकारले, सोबत फोटो. तिसऱ्या आठवड्यात पोरांच्या चेहऱ्यावर मला तोच ताण दिसला, जो बँकेच्या वसुली कारकुनाच्या चेहऱ्यावर मार्चअखेर असतो. एक पोरगा तर रात्री रडला. म्हणाला, “आजी, माझे निर्णय शून्य आहेत.” शून्य निर्णय म्हणून वीस वर्षांचे पोर रडते, हे आपल्या धर्माला शोभते का?

गॉर्डन हॉल हा मिशनरी १८१३ साली मुंबईत आला. कंपनी सरकारने त्याला परत जायचा हुकूम दिला होता, तरी तो राहिला. मराठी शिकला, शाळा काढल्या, पुस्तके छापली, गावे पायी तुडवली आणि १८२६ साली नाशिककडच्या फेरीत पटकीने वाटेतच गेला. त्या तेरा वर्षांतल्या बाप्तिस्म्यांचा आकडा तुमच्या फॉर्ममध्ये भरला तर तुम्ही त्याची बदली केली असती. पण त्याच्याच मिशनच्या कामातून पुढे नगरला शाळा उभ्या राहिल्या. मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकाना कुठला?

दुसरा एक माणूस आठवा. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला, त्याने त्यांना बसायला जागा दिली, कवितेवर गप्पा मारल्या, येशूबद्दल बोलला आणि जाताना नवा करार हाती दिला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. तो गृहस्थ कोण होता, हे टिळकांनाही तेव्हा कळले नाही. त्याने फोटो काढला नाही, पत्ता घेतला नाही, पाठपुरावा केला नाही. मराठीतला सगळ्यात मोठा ख्रिस्ती कवी ज्याच्यामुळे वळला, त्याच्या खात्यावर एकही ‘निर्णय’ जमा नाही.

म्हणून विनंती : फॉर्म ठेवायचाच असेल तर रकाने बदला. किती घरांनी तुम्हाला जेवायला बसवले? कुणाच्या मयताला गेलात? कोणत्या प्रश्नाला तुम्हाला उत्तर देता आले नाही? आणि लोकांचे फोटो देणगीदारांना पाठवणे थांबवा. ज्या बाईने पोराला भाकरी वाढली, तिचे फाटके लुगडे कुठल्यातरी परक्या शहरातल्या पडद्यावर झळकले, हे तिला कळले तर ती दुसऱ्यांदा वाढेल का?

तिसरी तक्रार दुसऱ्याच्या देवाची. शेवटच्या आठवड्यात पोरांनी स्पीकर आणला आणि दगडाच्या देवावर भाषण ठोकले. मारुतीच्या समोर. दिवाबत्तीच्या वेळी. गावातल्या चार तरुणांचे डोके फिरले, ते काठ्या घेऊन आले. तात्यांनी मध्ये पडून सोडवले. पोरांना वाटले, आपला छळ झाला. त्यांनी तसे लिहूनही पाठवले. मला विचाराल तर तो छळ नव्हता, उद्धटपणाची फळे होती. छळ काय असतो ते मला ठाऊक आहे. १९९९ साली ओडिशात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लेकरे गाडीत झोपली असताना जाळली गेली. कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या त्या माणसाच्या पंगतीला आपण आपला स्पीकर नेऊन बसवू नये.

वाद घालू नये असे नाही. घालायचा तर बरोबरीने घाला. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांसमोर उभे राहिले आणि काही महिने जाहीर वादविवाद चालला. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने त्या वादाचा वृत्तांत पुस्तकरूपाने छापला. बोवेनने मिशनचा पगार सोडला होता आणि तो मुंबईच्या गरीब वस्तीत साधेपणाने राहत होता. ज्याचे खाणे-राहणे लोकांसारखे, त्याला लोक प्रश्न विचारतात. आणि ज्याला प्रश्न विचारता येतो, त्याचेच उत्तर ऐकले जाते. तुमच्या पोरांना प्रश्नांची सवय नाही. त्यांना उत्तरेच पाठ आहेत. तात्यांनी एकाला विचारले, “तुमचा देव मेलेल्या माझ्या बापाचं काय करील? त्यानं तर तुमचं नावच ऐकलं न्हवतं.” पोरगा गप्प झाला. गप्प झाला ते ठीक. पण लगेच पत्रिकेचे दुसरे पान उलटून पुढचा मुद्दा वाचू लागला, ते वाईट.

टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून येशूपर्यंत आलो. ज्याने तो पूल ओलांडला त्याने पूल मोडला नाही. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही जागा होती. तुमच्या ग्रंथालयात टिळकांचा फोटो आहे, ठाऊक आहे मला. अभ्यासक्रमात तुकाराम आहेत का?

चौथी तक्रार थोडक्यात सांगते, कारण तिच्यात वाद नाही. एका मुलीने साखरेचा आजार असलेल्या बाईवर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाली, “आता विश्वास ठेवा, गोळ्यांची गरज नाही.” पंधरा दिवसांत त्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागले. बाई वाचली, पण पायाचे बोट गेले. ज्या मिरजेत डॉक्टर वान्लेस यांनी १८९४ साली मिशनचे इस्पितळ उभारले, त्या परंपरेतली ही मुलगी. प्रार्थना करा, हात धरा, रात्रभर उशाशी बसा. गोळीला हात लावू नका. हे वाक्य प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहा.

पाचवी तक्रार किमतीची, आणि यात मीही गुन्हेगार आहे.

चाळीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात एका तरुण सुनेने माझे ऐकले. मनापासून ऐकले. मी आनंदाने तिला बाप्तिस्म्यापर्यंत नेले, वर कळवले आणि ठरलेल्या फेरीप्रमाणे पुढच्या गावी गेले. दोन वर्षांनी ती मला एसटी स्टँडवर भेटली. सासरच्यांनी बाहेर काढले होते, माहेर दार उघडत नव्हते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाई, तुम्ही पुढच्या गावाला गेलात. मी कुठं जाऊ?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. ती पुढे आमच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली, एवढे माझ्या हातून झाले. पण तिने जे गमावले त्याची यादी मी तिला आधी सांगितली नव्हती. मला कुणी सांगायला शिकवले नव्हते, हे कारण आहे, सबब नाही.

तुम्ही आज तरी सांगता का? दलित कुटुंबातला मुलगा बाप्तिस्मा घेऊन कागदोपत्री ख्रिस्ती झाला, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे त्याची अनुसूचित जातीची सवलत जाते. तो आदेश १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी बदलला. ख्रिस्ती माणसासाठी नाही. म्हणजे धर्म बदलला तरी गाव त्याची जात विसरत नाही, सरकार मात्र विसरते. काही जण मग कागदावर एक आणि मनात एक असे जगतात, आणि आपण त्यांना व्यासपीठावरून ढोंगी म्हणतो. आधी त्यांच्या पोराच्या फीची सोय करा, मग म्हणा. मयताचे काय? नव्या विश्वासणाऱ्याला गावच्या स्मशानात जागा नाही आणि आपले कब्रस्तान तीस किलोमीटरवर. याचा विचार प्रचाराच्या नकाशात कुठे आहे? लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ पहिल्या सत्रात सक्तीने वाचायला लावा. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर मागे राहिलेल्या बाईच्या वाट्याला काय येते, ते त्यात आहे. नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांचे सोवळे आणि त्यांचे पाणी वेगळे होते. त्यांना कुणी ओढले नाही. स्वतःच्या मनाशी भांडून, हसून, रडून त्या काही वर्षांनी आपल्या पायांनी आल्या. म्हणूनच त्या आल्या त्या पुऱ्या आल्या.

सहावी आणि शेवटची तक्रार ‘नको’ या शब्दाची. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्माचा प्रचार करायचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. त्या निकालावर तुम्ही चर्चासत्रे घ्या, मला कायद्यातले कळत नाही. पण उंबऱ्यावर उभे राहिले की मला एवढे कळते : सांगणे माझे, घेणे त्याचे. २०१८ च्या नोव्हेंबरात एक तरुण अमेरिकन प्रचारक अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनल बेटावर गेला. तिथे जायला कायद्याने बंदी आहे. बाहेरच्या माणसाच्या साध्या सर्दीनेही तिथली माणसे दगावू शकतात. त्याला त्यांची भाषा येत नव्हती. त्यांनी बाण मारून ‘नको’ म्हटले. तरी तो पुन्हा तिथे गेला, आणि मारला गेला. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण ज्याला समोरच्याचे ‘नको’ ऐकू येत नाही, त्याला समोरचा माणूस दिसलेला नसतो. आपल्याच आवाजाचा पडसाद तो ऐकत असतो. तुमच्या काही वर्गांत त्याला हुतात्मा म्हणून शिकवतात असे ऐकते. शिकवा, पण बरोबर त्या बेटावरच्या माणसांच्या बाजूनेही एक निबंध लिहून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, बाई, बाहेर आपल्याला बाटगे म्हणणारे थोडे आहेत का, की तूही घरातूनच दगड मारतेस? त्यांनाही माझे उत्तर आहे. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या खडी फोडायच्या कामावर आली. लोक म्हणतात, पोटासाठी बाटली. हो, पोटासाठीच आली. तिच्या पोटात तेव्हा आजी नव्हती, पण भूक होती; आणि गावच्या ज्या विहिरीवर तिला चढायला बंदी होती, तिने तिला घोटभर पाणी दिले नव्हते. मिशनच्या आवारात तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पोहरा सोडला. ज्यांना हे आमिष वाटते त्यांनी आधी आपल्या विहिरीचा हिशेब द्यावा. पण या अभिमानाच्या आड आपण लपायचे नाही. पणजीला ज्यांनी पाणी भरू दिले, त्यांचेच वारस आज म्हातारीचा तांब्या परत पाठवतात, म्हणून तर हे पत्र.

इतके लिहून एक निरोप देते. पोरे गेल्यावर तात्या दोनदा चौकशी करून गेले. “बाई, ती पोरं पुन्ना येनार हायेत का?” मी म्हटले, “का हो, अजून काही ऐकायचं राहिलं का?” तर म्हणाले, “त्येंचं ऐकून झालं. माझं सांगायचं ऱ्हायलं.”

तेव्हा पुढच्या खेपेला सहा नको, दोनच पाठवा. हुरड्याच्या दिवसांत पाठवा. स्पीकर नको, फॉर्म नको. उतरायला माझे घर आहे, गोधड्या आहेत. तात्यांच्या ओसरीत माठ आहे, त्यावर पितळी तांब्या पालथा घातलेला असतो. पोरांना सांगा, पोहोचल्यावर ‘आजोबा, तहान लागलीय’ एवढेच म्हणायचे आणि बसून राहायचे.

पाणी उकळून ठेवायची जबाबदारी माझी.

आपली,
एक निवृत्त प्रचारिका,
नगर जिल्हा